रिकाम्या हातांचा रविवार

आमच्या कासा भागात दोन वर्षांचं मूल रानात जातं ते आईच्या कडेवर बसून, आणि आई जाते ती कामासाठी. कधी सरपण, पावसाळ्यात रानभाजी, होळीच्या आसपास मोहाची फुलं. पोराला सावलीत बसवायचं, मोठ्या बहिणीला त्याच्यावर नजर ठेवायला सांगायचं आणि आपण हात चालवायचे. मी अंगणवाडी सेविका. माझी स्वतःची मुलंही मी अशीच वाढवली. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये जावयांनी "शनिवार-रविवार पोरांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कला जाऊ" असा विषय काढला, तेव्हा सासूबाईंनी सरळ विचारलं, "रान बघायला तिकीट काढून जायचं? रान तर दारात आहे."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. इकडे महालक्ष्मीचा डोंगर, तिकडे गंभीरगड, मधून सूर्या नदी वाहते. साग, ऐन, पळस, काटेसावर सगळं हाताच्या अंतरावर. तरी बोरिवलीला जायचं ठरलं, कारण जावई बोईसरला कारखान्यात पाळीवर जातात आणि त्यांना सलग दोन दिवसांची सुट्टी क्वचितच मिळते. लेकीलाही खोलीच्या चार भिंतींतून बाहेर पडायचं होतं.

दोन लहानगी बरोबर होती. नात दोन वर्षांची व्हायची होती. धाकट्या दिरांचा मुलगा नुकताच तिसरं पूर्ण करून माझ्या अंगणवाडीत यायला लागलेला. बाकी दीर, जाऊ, लेक, जावई, सासूबाई आणि मी. आमचे यजमान घरी राहिले. कोंबड्या-बकऱ्या बघायला कुणीतरी हवंच.

ह्या वयाच्या मुलांशी माझा रोजचा संबंध. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आहार आम्ही घरपोच देतो. दर महिन्याला वजन घ्यायचं, दंडाला पट्टी लावून घेर मोजायचा आणि सगळं मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून आठवड्यातले चार दिवस अंडं किंवा केळं असतं, तेही पोचवायचं. वजनावरून आणि पट्टीवरून मूल ठीक म्हणजे हिरव्यात आहे की धोक्याच्या पिवळ्यात ते कळतं, आणि ते कळलंच पाहिजे, कारण आमच्या भागात त्यावर पोराचा जीव अवलंबून असतो. पण मूल कशापाशी थांबतं, काय उचलतं, कुणाला दाखवायला नेतं, ह्याला कुठल्याच नोंदीत रकाना नाही. ते गृहभेटीत उंबऱ्यावर बसून बघावं लागतं.

हे बघायला मी शिकले ते कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. पाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरांमागे जात, तर कुरणातच शाळा भरवली. परदेशी पद्धतीची महाग लाकडी साधनं परवडत नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे गोळा करून त्यातून मोजणं, रंग, आकार शिकवले. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली; त्याच्या तीस वर्षं आधी हे काम आमच्या डहाणू तालुक्यात चाललं होतं, ह्याचा मला फार अभिमान वाटतो. कोसबाडला आम्हाला एक सवय लावली गेली, ती अजून सुटलेली नाही. मुलाला काही दाखवायच्या आधी ते स्वतः काय बघतंय, तिकडे आपण बघायचं.

प्रवासाबद्दल थोडंच सांगते. चारोटीवरून हायवेने गाडी करून जाता आलं असतं, पण घोडबंदरच्या फाट्यापाशी वाहतूक अडकली की तान्ही मुलं गाडीत उकडून निघतात. आम्ही टमटमने आशागडवरून डहाणू रोड स्टेशन गाठलं आणि लोकल धरली. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, ही आमच्याकडच्या लेकुरवाळ्या बायांसाठी मोठी सोय झाली. शनिवारी रात्री विरारला नणंदेकडे राहिलो. लहान मुलं बरोबर असली की वाटेतला मुक्काम सोडू नये. कासा ते बोरिवली नव्वद किलोमीटरच्या आसपास पडतं; तेवढं जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हटलं तर पोरं उद्यानात पोचेपर्यंतच दमलेली असतात आणि मग दिवसभर जे रडणं चालतं त्याचा दोष उगाच त्यांच्यावर येतो.

रविवारी सकाळी उद्यान उघडल्यावर लगेच आत गेलो. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं हे जंगल, एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला ठाणे. जावयांनी मोबाइलमध्ये यादी केली होती: आधी वाघ-सिंहाची सफारी, मग होडी, मग कान्हेरीची लेणी. वनराणी ही मुलांची छोटी गाडी त्यात नव्हती, कारण मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांची नासधूस झाली होती आणि आम्ही गेलो तेव्हा ती बंदच होती.

दरवाज्यापासून थोडं आत आलो आणि दोन्ही पोरं खाली बसली.

काटेसावरीला बहर होता. झाडावर पान नव्हतं, सगळी लाल फुलं, आणि खाली डांबरी रस्त्यावर त्यांचा सडा. मांसल पाकळ्यांची, हाताच्या पंजाएवढी फुलं. नातीने एक उचललं, दाबलं, तोंडाकडे नेलं. आईने हात धरला तशी तिने ते जमिनीवर आपटलं. फुलाचा थपकन आवाज झाला. तिला तो आवडला. मग दुसरं फूल, पुन्हा आवाज. पुतण्याने एका फुलातले केसर एकेक उपटून रांगेत मांडायला घेतले. बाजूने माणसांचे लोंढे सफारीच्या खिडकीकडे निघाले होते. दिरांनी दोनदा हाक मारली, जाऊ पोराचा हात ओढायला लागली. मी तिला म्हटलं, "राहू दे गं. तो काम करतोय."

हे मी उगाच म्हटलं नाही. तीन वर्षांच्या मुलाने बारीक केसर चिमटीत धरून उपटणं, एकाशेजारी एक ठेवणं, एक पडला तर परत उचलणं, ह्यालाच आम्ही अंगणवाडीत मणी ओवणं आणि बिया वेचणं म्हणून घेतो आणि त्यासाठी मुलांना मिनतवारीने बसवतो. इथे तो आपणहून बसला होता. उद्यानात अशी शाळा रस्त्यावर सांडलेली होती आणि आम्ही सगळे तिला ओलांडून तिकीट काढायला निघालो होतो. जावई समजूतदार आहेत. ते रांगेत उभे राहिले आणि आम्हाला तिथेच बसू दिलं. पोरं त्या एका झाडाखाली बराच वेळ रमली. कुणी त्यांना उठवलं नाही, म्हणून ती आपली आपण उठली.

सफारीची बस जाळ्यांची होती. आत शिरताच नात इंजिनाच्या घरघरीने आईच्या छातीत शिरली आणि पाच मिनिटांत झोपली. पुतण्या जागा होता. वाघ दिसला तेव्हा बसमधली माणसं एकदम एका बाजूला झाली, मोबाइल वर गेले, "तो बघ, तो बघ" सुरू झालं. वाघ बांबूच्या सावलीत निवांत पडलेला. पुतण्या खिडकीच्या जाळीच्या एकेका चौकोनात बोट घालून काढत होता. त्याच्या बापाने त्याची हनुवटी धरून तोंड वाघाकडे वळवलं. पोर वळलं, पण त्याची नजर जाळीवरच राहिली. लांबचं, हलत नसलेलं, झाडीत मिसळलेलं जनावर एवढ्या लहान मुलाला ओळखू येत नाही. हाताशी जे आहे तेच त्याचं जग. ह्यात पोराची काही चूक नाही आणि तिकिटाचे पैसे वाया गेले असंही नाही. मोठ्यांनी वाघ बघितला, त्याने जाळी बघितली.

सासूबाईंनी मात्र वाघ दिसताच बसल्या जागी हात जोडले. आम्हा वारल्यांमध्ये वाघदेव पुजतात. लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याचा मान असतो. रान आपलं जेवढं, तेवढंच त्याचं, हे त्या पूजेत मान्य केलेलं असतं. बसमधून उतरल्यावर त्या म्हणाल्या, "ह्याला कोंडून कशाला ठेवलाय? ह्याच्या वाटेला कुणी जाऊ नये, एवढंच तर करायचं." मी सांगितलं की हे सफारीतले वाघ कुंपणातले, पण ह्याच जंगलात मोकळे बिबटे आहेत. २०१५ साली कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले होते, एवढ्या मोठ्या शहराला खेटून. हे त्यांना पटलं. "असणारच," म्हणाल्या.

लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट भिण्यासाठी नको, वागण्यासाठी लक्षात ठेवावी. खाली वाकलेलं, एकटं, बुटकं मूल बिबट्याला माणूस वाटतच नाही. म्हणून मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, पायवाट सोडून झाडीत शिरायचं नाही आणि उन्हं कलायच्या आत बाहेर पडायचं. २००४ मध्ये ह्या जंगलाच्या कडेला बिबट्यांचे हल्ले फार झाले होते. पुढे २०११ पासून वनखात्याने बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि मुंबईतल्या हौशी माणसांना बरोबर घेऊन वस्त्यांमध्ये समजावण्याचं काम केलं. त्यांच्या सांगण्यातली एक साधी गोष्ट आमच्या पाड्यांनाही लागू पडते: उष्ट्या-खरकट्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आम्ही केळ्यांची सालंसुद्धा पिशवीत घालून परत आणली.

खाण्याचंही सांगायला हवं. घरून तांदळाच्या भाकऱ्या, उकडलेली अंडी आणि केळी नेली होती. दिरांनी वाटेत पुतण्याला पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट घेऊन दिलं, आणि त्याच्या हातातून ते माकडाने ओढून नेलं. पोर घाबरलं. उद्यानातली माकडं पाकिटाचा चमकता कागद लांबून ओळखतात, कारण माणसांनीच त्यांना ते शिकवलंय. ही पाकिटं पाड्यापाड्यांतल्या दुकानांत लटकतात, पोरांची भूक मारतात आणि माझ्या वजनकाट्यावर दिसतात. म्हणून सांगते, डबा घरचा न्या, झाकणाचा न्या, आणि माकडांपासून लांब, सगळ्यांनी गोल करून बसून खा.

सफारीनंतर पुढचं काही केलं नाही. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. बघण्यासारखी जागा आहे आणि पोरं मोठी झाली की मी त्यांना नक्की नेईन. पण दगडी पायऱ्यांची ती चढण कडेवर पोर घेऊन चढायची, तीही चढत्या उन्हात, ह्यात कुणाचंच सुख नव्हतं. आम्ही दहिसर नदीच्या काठाला, मोठ्या झाडांच्या सावलीत चादर टाकली. ही नदी तुळशी तलावाकडून येते. फेब्रुवारीत पाणी कमी, मधे मधे उथळ डबकी आणि बाकी सगळं गोटे आणि वाळू. सासूबाईंनी बरोबर आणलेलं जुनं लुगडं दोन झाडांना बांधलं आणि झोळी केली. नात त्यात गाढ झोपली. शेजारच्या कुटुंबातली एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन आली होती. चाकं गोट्यांत अडकत होती आणि बाळ कुरकुरत होतं. ती बराच वेळ झोळीकडे बघत होती, मग येऊन गाठ कशी मारायची ते विचारून गेली. सासूबाईंनी तिच्या ओढणीची झोळी बांधून दिली आणि बाळाला निजवेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

आता खरं सांगायचं ते इथलं आहे.

बसल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास जावेला हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. तिने डबे उघडले, पुसले, परत लावले. चादरीवरची वाळू झटकली. पोराचे कपडे घडी करून ठेवले. गवताच्या काड्या तोडल्या. मग काहीच करण्यासारखं उरलं नाही आणि ती नुसती बसली. पुतण्या नदीच्या गोट्यांत होता. त्याने एक खडा आणून तिच्या हातात दिला. तिने घेतला. त्याने दुसरा आणला. तिने तोही घेतला आणि म्हणाली, "हा लाल आहे." तो पळत गेला आणि आणखी एक लाल शोधून आणला. मग पांढरा. मग एक चपटा, त्याला म्हणाली, "ही तर भाकरी." तो हसला आणि भाकऱ्याच शोधायला लागला. खडे तिच्या ओच्यात साठत गेले. तो बोलायला लागला. हा मुलगा अंगणवाडीत माझ्याशी दोन शब्दांपुढे जात नव्हता. त्याचं बोलणं कमी आहे, तपासायला न्यावं का, असा विचार माझ्या डोक्यात होता. त्या नदीकाठी तो आईला पूर्ण वाक्यं सांगत होता. पाण्यात मासा आहे, मासा पळाला, मासा त्याच्या आईकडे गेला.

तिकडे जावई पाठीवर पडले होते आणि झोपून उठलेली नात त्यांच्या पोटावर बसली होती. ती त्यांच्या नाकावर वाळलेलं पान ठेवायची, ते फुंकर मारून उडवायचे. पान खाली पडलं की ती तेच पान परत ठेवायची. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि दिवसपाळीचा बाप येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं. असं सलग बसून त्यांनी एकमेकांना कधी बघितलं होतं, मला माहीत नाही.

गृहभेटीला गेले की मी आयांना सांगते, मुलाशी बोला, त्याच्याशी खेळा, त्याला गोष्ट सांगा. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावरही तेच छापलेलं असतं. बाया ऐकून घेतात. एक बाई एकदा चुलीपुढून म्हणाली, "कधी बोलू, बाई? सांग, कधी?" तिचा तेव्हा पाण्याचा हंडा आणायचा राहिला होता, भात पाखडायचा राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी मजुरीला जायचं होतं. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं.

बोरिवलीच्या जंगलात झाडं आमचीच होती. साग तोच, काटेसावर तीच. वर डोंगरउताराला कारवी होती, जिच्या काठ्यांचा कूड घालून आणि शेणामातीने लिंपून आमची घरं उभी राहतात. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ ला फुलली होती आणि आम्ही गेलो त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हा फुलायची होती. पोरांना नवीन असं तिथे जवळपास काहीच नव्हतं. नवीन एकच होतं. त्यांच्या आयांना दिवसभर कसलंही काम नव्हतं.

ह्याचा उलटा पुरावाही तिथेच भेटला. नदीकडच्या वाटेवर एक बाई पाटी घेऊन बसली होती, बोरं आणि पेरू विकत. सासूबाईंनी बोरं घेता घेता आमच्या बोलीत विचारलं, तर तीही वारलीच निघाली, उद्यानाच्या आतल्या पाड्यातली. नवापाडा, चुनापाडा असे वारल्यांचे पाडे त्या जंगलात आधीपासून आहेत. उद्यान नंतर झालं. कासा कुठे, महालक्ष्मीची जत्रा कधी, असं दोघींचं बोलणं झालं. तिचं दीड-दोन वर्षांचं पोर पाटीला टेकून बसलं होतं. तेही खडे उचलत होतं, आईला देत होतं. ती घेत नव्हती असं नाही. पण एका हाताने बोरं मोजायची, दुसऱ्याने सुट्टे पैसे द्यायचे, नजर पुढच्या गिऱ्हाइकावर. खडा तिच्या मांडीवरून घरंगळून खाली पडायचा. जंगल तेच, नदी तीच, आमच्या पोरापासून पन्नास पावलांवर. त्या बाईची माया माझ्या जावेपेक्षा कणभरही कमी नव्हती.

म्हणून मुलांना निसर्गात न्या, एवढंच सांगणाऱ्यांचं मला अर्धंच पटतं. आमची पोरं निसर्गातच असतात. दिवाळीनंतर आमच्या पाड्यांतली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तिथेही दोन वर्षांची मुलं दिवसभर उघड्यावर, मातीत असतात. आई-बाप पहाटेपासून विटा थापतात. परत आलेल्या मुलांची वजनं घेताना माझे हात जड होतात. त्या मुलांना माती भरपूर मिळालेली असते. आई मिळालेली नसते.

परत आल्यावर मी पालकसभेत हा विषय काढला. बोरिवलीला चला असं म्हणणं शक्यच नव्हतं. तिकिटं, गाडीभाडं, एका दिवसाची मजुरी, कुठून आणणार? महिन्यातून दोनदा आमचा समुदायाचा कार्यक्रम असतो, पोषणाची माहिती द्यायचा. त्यातला एक आम्ही महालक्ष्मीच्या डोंगराच्या पायथ्याशी झाडांखाली घ्यायचं ठरवलं. चैत्रातली जत्रा सोडली तर ती जागा शांत असते. आमच्याकडे सांगतात की एक गरोदर बाई देवीच्या दर्शनाला डोंगर चढताना थकून पडली, तेव्हा देवी म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून पायथ्याशी देऊळ आहे. मला त्या जागेइतकी योग्य जागा दुसरी सुचली नाही.

अट एकच ठेवली: येताना कोयता नको, हंडा नको, टोपली नको आणि मोबाइल पदरात बांधून ठेवायचा. मदतनीसताईने आणि मी खिचडी तिथेच शिजवली, म्हणजे आयांना चुलीची काळजी नको. पहिल्या वेळी थोड्याच आल्या. त्याही आधी जावेसारख्याच चुळबुळत होत्या. एकीने तर येताना वाटेतलं सरपण वेचून आणलंच. मग हळूहळू पोरांनी त्यांना ओढलं. पानं आली, बिया आल्या, एकाने मेलेला भुंगा आणला. बाप कमी येतात, पण येतात. ज्यांना मजुरी सोडता येत नाही त्या बाया अजूनही येत नाहीत आणि त्यांना मी बोल लावत नाही.

त्यांच्यासाठी वेगळं मागणं आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की कामावर येणाऱ्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यातल्या एका बाईला मजुरी देऊन फक्त मुलं सांभाळायचं काम द्यायचं. किती विचार करून लिहिलेलं कलम आहे हे. एका बाईचे हात मोकळे ठेवण्याची किंमत कायद्याने मोजली होती. हेच वीटभट्टीवर, बांधकामावर, चिकूच्या वाडीत काम देणाऱ्या प्रत्येकाने करावं. भट्टीवर एक सावली, एक घागर पाणी आणि मजुरी मिळणारी एक बाई, एवढंच लागतं. आम्ही सेविका येऊन मुलांशी काय करायचं ते शिकवू.

आणि ज्यांना सुट्टी आहे, गाडी आहे, तिकिटाचे पैसे आहेत, त्या आईबापांना माझं सांगणं साधं आहे. घरात तीन-चार वर्षांखालचं मूल असेल तर येत्या थंडीत एक रविवार काढा. बोरिवलीला जा किंवा गावाबाहेरच्या एखाद्या झाडाखाली जा. सकाळी लवकर निघा, एकच जागा धरा आणि मुलाची झोपेची वेळ मोडू नका. सफारी, लेणी, होडी पुढच्या वर्षांसाठी ठेवा. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. फोन पिशवीत ठेवा, आणि मूल खडा आणून देईल तेव्हा तो घ्या.